स्विफ्टला ३५ मिमीच्या लोअरिंग स्प्रिंगा: आराम किती जातो, हँडलिंग किती मिळते

प्रश्न: काका, माझ्याकडे २०१९ची पेट्रोल स्विफ्ट आहे, ४८ हजार किलोमीटर झालेली. ३५ मिमीच्या लोअरिंग स्प्रिंगा टाकायच्या आहेत, शॉकअप कंपनीचेच ठेवून. रोज मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी, आणि महिन्यातून एकदा आई-बाबांना घेऊन समृद्धीने संभाजीनगर. गाडी किती कडक होईल? वळणावर खरंच फरक पडतो का?

उत्तर:

वळणावर फरक पडतो, आणि तो पहिल्याच दिवशी हाताला कळतो. तरी ३५ मिमी खाली आणि शॉकअप जुनेच, हा बेत मी माझ्या रॅम्पवर बसवून देणार नाही. त्याची कारणे नीट सांगतो, कारण मागच्या सीटवर तुझे आई-बाबा बसणार आहेत आणि एका खेपेला चारशेच्या वर किलोमीटर बसणार आहेत.

२६ वर्षे मी सस्पेन्शनचेच काम करतोय. लोअरिंग करून पस्तावलेला माणूस येतो तेव्हा त्याची तक्रार ठरलेली असते: "स्प्रिंग फार कडक लागली." गाडी वर चढवून पाहिली की बहुतेक वेळा स्प्रिंगचा दोष फार थोडा निघतो. चाकाला वर जायला जागाच उरलेली नसते.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा अशीच गाडी घेऊन आला. "काका, गाडी दगडावानी लागून राह्यली." मी पुढच्या शॉकअपचे धूळ-कव्हर वर सरकवले आणि चकचकीत दांड्याला एक केबल टाय बांधून तो शॉकअपच्या तोंडाशी टेकवला. गाडी सपाट फरशीवर उभी, आत कोणी नाही, आणि शॉकअपचे तोंड व वरचा बफर यांच्यात जेमतेम एक बोट अंतर. बफर म्हणजे बंप स्टॉप, दांड्यावर बसवलेले ते फोमचे बोंडूक. मग आम्ही दोघे त्याच गाडीने मानेवाडा चौकापर्यंत जाऊन आलो. मुद्दाम एकही खड्डा घेतला नाही, वेग चाळीसच्या आत. परत येऊन पाहिले तर टाय सरकत सरकत थेट बफरला जाऊन चिकटलेला. बफरची खालची कड चपटी होऊन चकाकत होती आणि दांड्यावर काळी भुकटी जमली होती. रोजचा अर्धा रस्ता तो त्या फोमच्या तुकड्यावर झेलत होता.

ही जागा म्हणजे चाकाची चाल. समजण्यापुरते आकडे घे, प्रत्येक गाडीचे वेगळे असतात. समज, रिकाम्या गाडीत चाकाला वर जायला ८० मिमी आहे आणि त्यातली शेवटची ४० मिमी बफर दाबत जाते. म्हणजे निव्वळ स्प्रिंगवर चालणारी मोकळी चाल ४०. गाडी ३५ने खाली बसवली की मोकळी उरते ५. दोन माणसे मागे बसली, डिकीत दोन बॅगा आल्या, की तीही गेली. बफर ही दुसरी स्प्रिंगच आहे, पण दाबू तशी झपाट्याने कडक होणारी. तो लागला की गाडीचा कडकपणा अचानक कित्येक पटींनी वाढतो, आणि पाठीला जो धक्का बसतो तो या अचानकपणाचा असतो.

लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा कडक का बनवतात, हेही यातूनच कळते. चाल कमी केली तर तेवढ्या कमी जागेत तोच खड्डा थांबवायचा आहे, म्हणून तार जाड घ्यावी लागते. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिमीची तार १२.५ केली, डोळ्याला फरक दिसणारही नाही, तरी बाकी सगळे सारखे ठेवून कडकपणा सुमारे १८ टक्के वाढतो. म्हणून मी स्प्रिंग हातात आली की आधी व्हर्नियर लावतो. खोक्यावर नुसते '३५ मिमी' छापलेले आणि कडकपणाचा आकडा कुठेच नाही, अशी स्प्रिंग कितीही चकाचक रंगवलेली असली तरी घेऊ नको.

आता नुसत्या कडकपणाने आराम किती जातो ते पाहू. पुढच्या एका चाकावर बॉडीचा साधारण २५० किलो भार आणि चाकाशी मोजलेला कडकपणा २० न्यूटन प्रति मिमी धर. अशी बॉडी धक्का बसला की सेकंदाला साधारण १.४ वेळा वर-खाली होते. घरगुती गाड्या सहसा १ ते १.५ च्या दरम्यानच ठेवलेल्या असतात. स्प्रिंग ३० टक्के कडक केली की हा आकडा १.६ होतो. कडकपणा ३० टक्क्यांनी वाढला तरी लय १४ टक्क्यांनीच वाढली, कारण मध्ये वर्गमूळ येते. त्यामुळे चाल शाबूत असेल तर ३० टक्के कडक स्प्रिंग माणसाला सहन होते, बऱ्याच जणांना आवडतेही. गाडी चुस्त लागते.

पण आपले रस्ते वेगळी परीक्षा घेतात. नागपुरात आता जिकडेतिकडे सिमेंट रोड, आणि समृद्धीही सिमेंटचीच. सिमेंटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर आडवे सांधे कापलेले असतात, सर्वसाधारणपणे साडेचार मीटरवर. ६०च्या वेगाला सेकंदाला ३.७ सांधे चाकाखालून जातात, ८०ला ४.९, १००ला ६.२, आणि समृद्धीच्या १२०च्या मर्यादेला ७.४. बसलेल्या माणसाच्या शरीराला वर-खाली होणाऱ्या कंपनांचा सर्वात जास्त त्रास सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यात होतो. कंपनांच्या आयएसओ २६३१ या मानकात हाच पट्टा धरला आहे. म्हणजे हायवेचे आपले सगळे वेग नेमके त्यातच पडतात. या पट्ट्यात स्प्रिंगमधून वर येणारा भाग कडकपणाच्या प्रमाणातच वाढतो, तिथे वर्गमूळाची सवलत नाही. सांधे नीट भरलेले असतील तिथे टायर आणि बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या जोडांतली रबरे, बरेचसे गिळून टाकतात. जिथे स्लॅबची कड थोडी वर आली आहे तिथे टक-टक-टक सुरू होते. तुझ्या हातात स्टिअरिंग असते, लक्ष रस्त्यावर असते, तुला ते जाणवणार नाही. मागे बसलेल्या आईच्या कंबरेला तीन तासांनी जाणवेल.

डांबरी रस्त्यांची तऱ्हा निराळी. आपल्या काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पाणी प्यायला की फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, आणि दोन-तीन वर्षांत त्याला लांब लाटा येतात. उमरेडकडे किंवा काटोलकडे गेलास की कळेल. १५ मीटरची लाट ८०च्या वेगाने घेतली तर ती सेकंदाला दीड वेळा येते, म्हणजे बरोबर बॉडीच्या स्वतःच्या लयीत. झोक्याला योग्य वेळी धक्का दिल्यासारखे होते ते. तिथे स्प्रिंग काही करू शकत नाही, ते काम शॉकअपचे.

आणि इथेच तुझा बेत फसतो. शॉकअप मूळ स्प्रिंगला जुळवलेला असतो. स्प्रिंग ३० टक्के कडक केली आणि शॉकअप तोच ठेवला, तर स्प्रिंगच्या मानाने त्याची पकड सुमारे १२ टक्के कमी पडते. तीही तो नवा असेल तर. तुझे ४८ हजार झालेले, म्हणजे त्याने आधीच थोडी पकड सोडलेली असणार. परिणाम असा की छोट्या सांध्यावर गाडी कडक लागते आणि मोठ्या लाटेवर डोलते. दोन्हीकडून तोटा. शिवाय ३५ने खाली बसवलेल्या गाडीत पिस्टन नळकांड्याच्या ज्या भागात कायम फिरतो तो मूळ जागेपेक्षा खालचा असतो, आणि आपटला तर तळाच्या व्हॉल्व्हपर्यंत जाऊ शकतो. लोअरिंगनंतर सहा-आठ महिन्यांत तेल गळणारे शॉकअप मी पुष्कळ पाहिले आहेत. बदलायला आलेला माणूस म्हणतो, शॉकअप हलका होता. शॉकअप बिचारा वेगळ्याच स्प्रिंगशी झगडत होता.

हँडलिंगचे सांगतो. गाडी वळणात कमी झुकते, स्टिअरिंग वळवल्यावर नाक लवकर आत येते, ब्रेक मारल्यावर पुढून कमी बसते. सेमिनरी हिल्सच्या वळणांवर एक फेरी मारलीस की चेहऱ्यावर हसू येईल, आणि ते खरे असेल. त्यातला बराच वाटा कडकपणाचा आहे, उंची कमी झाल्याचा फार थोडा. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५५० मिमीवर धरला आणि तो ३० मिमी खाली आला, तर वळणात आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जाणारे वजन साडेपाच टक्क्यांनीच कमी होते. गाडी कमी झुकली म्हणून हे वजन सरकणे थांबत नाही, ते फक्त लवकर घडते. म्हणून आत्मविश्वास जितका वाढतो तितकी ग्रिप वाढलेली नसते, हे लक्षात ठेव. गुळगुळीत रस्त्यावर ग्रिप थोडी वाढते. उखडलेल्या वळणावर कडक आणि शॉकअप कमी पडलेली गाडी चाक उचलते, आणि हवेतल्या चाकाला ग्रिप नसते.

आणखी एक गोष्ट स्प्रिंग विकणारे सांगत नाहीत. तुझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात. त्यात लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणारा हात, बॉडीकडून चाकाकडे थोडा खाली उतरता असतो. गाडी खाली बसवली की तो आडवा होतो, आणखी बसवली तर चाकाकडे वर चढू लागतो. गाडी ज्या बिंदूभोवती झुकते, ज्याला रोल सेंटर म्हणतात, तो बिंदू यामुळे गाडीपेक्षा जास्त वेगाने खाली जातो. बॉडी ३५ने उतरली तर रोल सेंटर त्याहून जास्त उतरते. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यामधला तरफेचा दांडा लांब होतो, आणि गाडीची झुकण्याची ओढ उलट वाढते. कडक स्प्रिंगने जे कमावले त्यातला काही भाग भूमिती परत घेते. वळणात दबल्यावर चाकाने वरून आत कलायला हवे, तेही आर्म आडवा झाल्यावर नीट होत नाही आणि टायर बाहेरच्या कडेवर चालतो. १५-२० मिमीपर्यंत हे सगळे आवाक्यात राहते. ३५ला ते हाताला कळायला लागते आणि ५०ला गाडी बिघडलेलीच असते, मग ती उभी असताना कितीही देखणी दिसो.

टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा, कोनही बदलतो, म्हणून खड्ड्यात चाक वर गेले की ते स्वतःहून थोडे वळते. सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे हुंगत चालल्यासारखी वाटते ती यामुळे. स्प्रिंगा बदलल्यावर टो, म्हणजे वरून पाहता चाके पुढून आत की बाहेर वळलेली आहेत तो कोन, हमखास बिघडतो. पुढचे टायर आतल्या कडेने उडाले की सगळे कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या वरून आत-बाहेर कलण्याला, दोष देतात. मी पाहिलेल्या गाड्यांमध्ये गुन्हेगार बहुतेक वेळा टो होता, आणि टो सरळ करायला अलाइनमेंटचे थोडेसे पैसे लागतात. मागचा तुझा बीम अॅक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम, तिथे हे कोन जवळपास जसेच्या तसे राहतात.

खाली घासण्याचा हिशेबही करून ठेव. कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, रिकाम्या गाडीचा. त्यातून ३५ गेले, राहिले १२८. चार माणसे आणि सामान आले की आणखी तीन-चार सेंटिमीटर जातात. उरले ९०च्या आसपास. गतिरोधकाचे इंडियन रोड्स काँग्रेसचे माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोल घुमट, असे आहे. तुझ्या दोन चाकांतले अंतर २.४५ मीटर. अशा घुमटावर दोन्ही चाके असताना पोटाखाली फक्त ४४ मिमी उंचवटा येतो. म्हणजे मापात बांधलेल्या ब्रेकरवरून खाली बसवलेली, भरलेली गाडीही सुखाने जाते. पण आपल्या लेआउटांमध्ये घरासमोर स्वखर्चाने ओतलेले ब्रेकर जेमतेम अर्धा-पाऊण मीटर रुंद असतात आणि उंची मात्र तीच १० सेंटिमीटर. तिथे पूर्ण १०० मिमी पोटाखाली येतात. इंजिनखालचे तेलाचे चेंबर, सायलेन्सरचा पाइप, काहीतरी घासणारच. तुझ्या गल्लीतले ब्रेकर टेपने मोजून बघ, पाच मिनिटांचे काम आहे.

स्प्रिंग कापण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून दे. ग्राइंडरने एक वेटोळे कापून पैसे वाचवणारे आहेत अजून. सहा चालत्या वेटोळ्यांतले एक कापले की कडकपणा २० टक्के वाढतो हे खरे, पण कापलेले टोक खोबणीत नीट बसत नाही. तुझ्या गाडीत मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, बीम आणि बॉडीच्या मध्ये नुसती धरलेली असते. चाक लोंबकळले की कापलेली स्प्रिंग सैल होते. एक गाडी माझ्याकडे ओढून आणली होती, तिची स्प्रिंग खड्ड्यातून निघताना जागेवरून सुटून तिरपी अडकली होती आणि टायरच्या आतल्या भिंतीवर बोटाएवढा चर पडला होता. गाडीत लहान मूल होते. गॅसने तापवून स्प्रिंग दाबून बुटकी करणे तर त्याहून वाईट, पोलादाचा कस जातो आणि ती बसतच राहते. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगला वरच्या बाजूला जी पातळ, चिकटलेली वेटोळी दिसतात ती याचसाठी असतात, चाक लोंबकळल्यावरही स्प्रिंग खोबणीत धरून ठेवायला.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. काम करण्याआधी आरटीओत विचार आणि विमा कंपनीला लेखी कळव. क्लेमच्या वेळी वाद घालण्यापेक्षा ते सोपे.

मग करावे काय? मी तुझ्या जागी असतो तर आधी स्प्रिंगांना हात लावला नसता. ४८ हजारांवर लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि स्ट्रटचे माउंट तपासले असते, चारही शॉकअप चांगले नवे टाकले असते, टायर कडक झाले असतील तर चांगल्या ग्रिपचे घेतले असते, आणि अलाइनमेंट करून महिनाभर चालवली असती. एवढ्यावर बरेच जण थांबतात, कारण त्यांना जे हवे असते ते हेच असते, नवी असताना होती तशी घट्ट गाडी. त्यानंतरही खाली बसवावीशी वाटली तर १५ ते २० मिमी, कडकपणात २०-२५ टक्क्यांच्या वर नाही, आणि त्या स्प्रिंगला जुळणाऱ्या शॉकअपसकट. बफर किती आखूड करायचा हे स्प्रिंग बनवणाऱ्याने लिहून दिलेले असले पाहिजे. अंदाजाने कापायचा नाही, नाहीतर टायर मडगार्डच्या आत जाऊन लागतो.

बसवताना स्वतः समोर उभा राहा आणि एक गोष्ट डोळ्याने बघ. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना घट्ट करू देऊ नको. चाके लोंबकळलेली असताना बोल्ट आवळला की रबर त्याच कोनात धरला जातो, आणि गाडी जमिनीवर आली की तो कायमचा पिळलेला राहतो. गाडी कडकही लागते आणि बुश वर्षभरात फाटतो. बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा दाबून बसवायची, मग शेवटचा पाना मारायचा. घाईच्या गॅरेजात ही पायरी सर्वात आधी गळते. जुने बेअरिंग आणि स्प्रिंगखालचे रबर पुन्हा वापरू नको, नाहीतर स्टिअरिंग वळवताना टण्-टण् आवाज येत राहील.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नको, टायरच्या हवेने फसगत होते. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांत मोज, काम करण्याआधी आणि नंतर. नव्या स्प्रिंगा पहिल्या ५०० ते १००० किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात, म्हणून अलाइनमेंट तेव्हा पुन्हा एकदा करायची आणि हेडलाइटची पातळीही त्याच दिवशी भिंतीवर बघायची. ते चारही आकडे तारखेसकट गाडीच्या पुस्तिकेत लिहून ठेव. दोन वर्षांनी गाडी एका बाजूला कलली तर स्प्रिंग बसली की माउंट दबला, हे शोधायला मला तेच आकडे लागतील.